कापलेलं जाळं

— नाय नाय, गोदाला नका बोलू, मॅडम. ती बिचारी जाळ्यांचे गठ्ठे बांधते, लेबल लावते, बस. गठ्ठ्यात काय आलं नि काय नाय, ते तिला काय ठाऊक? मी निवडून देते, ती बांधते. बाहेर बघा जरा, रडून रडून डोळे सुजलेत तिचे. पुण्याहून गाड्यांच्या कंपनीची बाई आली, आता मला घरी बसवणार, सकाळपासून हेच एक चाललंय. तिला नका बसवू घरी. नवरा अंथरुणाला खिळलेला आहे तिचा. काय विचारायचं ते मला विचारा. मी हाजरा. ही शेड सुरू झाली त्या दिवसापासून आहे मी इथं. बसा ना — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो — ही घ्या. पंखा लावू? वासाची सवय नाय तुम्हाला, कळतंय. जुनं जाळं धुतलं तरी दर्या सोडत नाय. तुमच्या गाडीत गेल्यावर हा वास कुठं जातो हो? वितळवल्यावर जातो? सगळाच? बरंय की मग. गेल्या खेपेला तुमचे साहेब सांगून गेले, आम्ही बायका ऐकतच राहिलो. खाली पाय ठेवायचा गालिचा आमच्या जाळ्यांचा, दरवाजाच्या आतला पत्रा अंबाडीचा, सीटमध्ये नारळाचा काथ्या. गोदा म्हणाली, अगो ही गाडी म्हणायची की आमचं परसदार? साहेबसुद्धा हसले. आम्ही आपली अंबाडीची भाजी करून खातो, तुम्ही तिच्यात बसून फिरणार. फिरा बाबा. जळून जाण्यापेक्षा, दर्यात पडून राहून कासवांच्या गळ्यात अडकण्यापेक्षा बरं आहे ते. मला आवडतं हे काम. खोटं नाय सांगत.

मग चूक कशी झाली, तेच ना? सांगते. आधी काम काय ते बघा. हे बघा, हे नायलॉन. हे दुसरं, साधं प्लास्टिक, ट्रॉलच्या जाळ्यात असतं. रंग तोच, जाडी तीच. तुमच्यासारखीनं दोन्ही हातात घेतलं तर सांगता येणार नाय. बालदीत टाकायचं — नायलॉन बुडतं, प्लास्टिक तरंगतं. पोरींना मी तसंच शिकवते. मला बालदी लागत नाय. बोटाला कळतं. नायलॉन जरा गार लागतं, आणि पिरगळलं की परत येतं. प्लास्टिक मेलेलं असतं, पिरगळलं तसं राहतं. आणि नुसतं जाळं बघून भागत नाय, मॅडम, ठिगळं बघायची असतात. जाळं फाटलं की मिळेल त्या दोऱ्यानं सांधतात ना. नायलॉनच्या जाळ्यात प्लास्टिकचं ठिगळ राहिलं, की तिकडं लोट्याच्या फॅक्टरीत ते वितळवताना सगळा घाण्याचा घाणा बिघडतो, धागा काढताना तुटतो. म्हणून अख्खं जाळं हातातून सोडायचं, टोकापासून टोकापर्यंत, ठिगळ लागलं की कापून बाजूला. दोन वर्षांत माझ्या हातून एक ठिगळ सुटलेलं नाय. एकसुद्धा नाय. डोळे मिटून निवडेन मी. फॅक्टरीवाल्यांना विचारा, हाजराच्या गठ्ठ्याला ते बघतसुद्धा नव्हते, सरळ भट्टीत. मी चुकेन? मी नाय चुकायची.

...काय?

हां. बरोबर आहे. मी चुकत नाय, तर मग प्लास्टिक आलं कसं. पुण्याच्या आहात, हुशार आहात. थांबा, पाणी पिते जरा. तुम्ही पण घ्या.

किती गठ्ठे म्हणालात? तीन. आणि लेबल कुणाचं होतं तिन्हींवर? अहमदभाईचं ना? मनाल बोटीचं. मग त्याला विचारा की. तुम्हीच सांगितलंत ना, लेबल लावायचं ते त्यासाठी — कुठल्या बोटीचं जाळं, कुठल्या बंदरातलं, सगळं कळायला हवं. बोलावलंय? आज? आत्ता येणार आहे? ...का? मी ओळखते ना त्याला. त्याला गठ्ठ्यांसाठी नाय बोलावलं तुम्ही, त्याच्या त्या गोष्टीसाठी बोलावलंय. सही घ्यायला. दाखवा तो कागद. मला मराठी वाचता येतं, सातवी शिकले मी. हा त्याचा फोटो, मागं बोट, मस्त आलाय. ‘जाळ्यापेक्षा माणूस मोठा.’ वा. गाडी घेणारा मोबाईल लावणार त्या काळ्या ठिपक्यांच्या चौकोनावर, आणि दिल्लीत, बेंगलोरला, कुठं कुठं अहमदभाई दिसणार. हर्णे बंदरातल्या ज्या मालकानं बुडणाऱ्या खलाशासाठी आपलं अख्खं नवंकोरं जाळं कापून दर्यात सोडलं, त्याच मालकाची जाळी आज तुमच्या गाडीत आहेत. कोणी लिहिलंय हो हे? छान लिहिलंय. अंगावर काटा येतो. खलाशाचं नाव नाय टाकलं पण. ‘एका खलाशासाठी.’

उमेर. उमेर नाव त्याचं. माझा नवरा.

नाय, नाय, तुम्ही कशाला माफी मागता, तुम्हाला काय ठाऊक. सहा वर्षं झाली. बसा, उठू नका. आता विषय निघालाच आहे तर ऐका, नायतर अर्धवट ऐकून जाल आणि अर्धवट लिहाल. अहमदभाईनं जमातीत सांगितलं, पोलिसात सांगितलं, माझ्या ओट्यावर बसून लहान पोरासारखं रडत सांगितलं. भाभी, सकाळची नऊची वेळ, चांगला उजेड, जाळं पाण्यात सोडलेलं. उमेर पुढं उभा होता, लाट आली, गेला. मी बोया फेकला, त्यानं धरलापण. पण भाभी, जाळं पाण्यात असलं की बोट बांधल्यासारखी असते, फिरवता येत नाय — एक तर जाळं ओढून आत घ्यायचं, नायतर कापायचं. मी म्हटलं, कापा. माझ्या हातानं दोर कापला, सगळं जाळं गेलं, आणि बोट फिरवली, पण दर्यानं त्याला तोवर लांब नेलेलं. दोन दिवस शोधलं आम्ही. असं सांगितलं त्यानं. चौथ्या दिवशी केळशीच्या वाळूत मिळाला उमेर. मनगटाला बोयाची दोरी गुंडाळलेली तशीच. म्हंजे अहमदभाई सांगत होता ते खरंच होतं, बोया फेकला होता, धरला होता. सगळ्या बंदरात एकच बोलणं — मालक असावा तर असा. सुरमईचं जाळं, पहिलाच हंगाम त्याचा, कोण कापतो? माझा भाऊ त्याच्या पाया पडायला वाकला, आमच्यात वाकत नाय कुणी कुणापुढं, तरी वाकला. मौलानांनी जुम्म्याला सगळ्यांसमोर नाव घेतलं त्याचं.

आणि केलं त्यानं माझ्यासाठी, नाय कसं म्हणू? इद्दतीत, नवऱ्याच्या सुतकात म्हणा, मी घरात होते, चार महिने दहा दिवस, रोज त्याच्या घरून डबा. माझी इकरा दापोलीला शिकते, त्याच्या ओळखीनं वसतिगृह मिळालं. ही शेड आली तेव्हा पहिलं नाव त्यानं माझं सांगितलं. आणि मी काय केलं माहीताय? दुआ मागितली. पाच वेळच्या नमाजेला, उमेरसाठी मागून झाली की दुसरी त्याच्यासाठी. या अल्ला, त्याच्या बोटीत बरकत दे, त्याच्या लेकीला, मनालला, सुखात ठेव. सहा वर्षं. रोज पाच. तुम्ही हिशोबाची माणसं आहात, किती होतात त्या? डबा परत करता येतो, मॅडम, नोकरी सोडता येते. दिलेली दुआ परत कशी घ्यायची, ते मला कोणीतरी सांगा. मी मौलानांना विचारायला गेले होते, दारातूनच परत आले. काय विचारू?

होय, कळलं ना मला. कसं कळलं ते ऐका. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झालेले. टेम्पो आला, मनाल बोटीचं जुनं जाळं, खूप मोठं. गोदानं मांडून ठेवलं. मी हात घातला आणि हाताला लागली माती. तांबडी माती. दर्याचं जाळं आणि त्यात तांबडी माती? वाळू असते, शिंपले असतात, खेकड्याच्या नांग्या असतात — हे तर उंदरानं घर केलेलं, आत भाताचं तूस, लेंड्या. मी ड्रायव्हरला म्हटलं, कुठून उचललंस रे हे? म्हणाला अलोऱ्याहून, शेटच्या मेव्हण्याच्या माळ्यावरून. कोयनेच्या कॉलनीत आहे तो मेव्हणा. आता सांगा, चिपळूणच्या पलीकडे डोंगरात नेऊन कोण ठेवतं जाळं? तिकडं जाळं बघून सांगणारं कोण आहे? नळावरच्या बायका? म्हटलं असेल काही. निवडायला बसले. अर्ध्यावर आले आणि ठिगळ लागलं. निळं. बाकी जाळं पांढरं आणि वीतभर ठिगळ निळं. कापायला कात्री लावली — आणि बोटं थांबली. गाठ उलटी होती.

मी डावखुरी आहे, मॅडम. हे बघा, लिहिते पण याच हातानं. लहानपणी मार खाल्ला, तरी सुटला नाय. जाळ्याची गाठ सगळ्या जगाची अशी पडते, उजवीकडं — माझी अशी पडते. सगळ्या हर्ण्यात माझ्याकडं जाळं सांधायला देणारे हसायचे, हाजराची गाठ वांकडी पण सुटत नाय म्हणायचे. आणि ते निळं सूत — पांढरं संपलं होतं त्या गुरुवारी. उमेर म्हणाला, राहू दे, बाजारात जाऊन आणतो, मी म्हटलं दर्यातल्या सुरमईला काय रंग बघायचाय? निळ्यानं सांधलं. तो पायरीवर बसून दोरा भरून देत होता मला. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली आणि बोट सुटली, तेच जाळं घेऊन. सोमवारी बोट आली. माणूस नाय, जाळं नाय. मग ते निळं ठिगळ माझ्या मांडीवर कसं आलं? अहमदभाईनं ते दर्यात सोडलं होतं ना कापून? मी पुढं सोडत गेले, संध्याकाळ झाली, बायका घरी गेल्या, मी सोडतेच आहे. हे टोक शाबूत. ते टोक शाबूत. वरच्या दोराला सुरीचा ओरखडा नाय कुठं.

समजलं तुम्हाला? चेहरा पडलाय तुमचा, समजलं. कापलंच नाय त्यानं. ओढलं. भरलेलं जाळं होतं, हंगामातली पहिली सुरमई, ती सोडवेना. उमेरला बोया फेकला, धरून ठेव म्हणाला, आणि ओढायला लागले. माझा नवरा धरून होता. चांगला पोहायचा तो, घाबरणारा नव्हता, आणि त्याला दिसत असणार ना हे — दोर वर येतोय, मासळी आत पडतेय, म्हंजे आता येतील, आता संपेल, आता वळेल बोट. हाक पण मारली नसेल त्यानं. मालकाचं काम चाललंय म्हणून गप्प राहिला असेल, तसाच होता तो, घरी भाकरी करपली तरी गप्प खायचा. आणि ती मासळी हर्ण्याच्या लिलावात आली नाय हो, मी आठवून बघितलं. दुसऱ्या बंदराला उतरवली, तिथूनच बोटीवरच्या दोन नेपाळी पोरांना गावची गाडी दाखवली, जाळं डोंगरात पाठवलं, आणि रिकामा होऊन माझ्या ओट्यावर रडायला आला. चौथा खलाशी त्याचा भाचा. तो कशाला बोलेल? आणि आता तुम्ही आलात. जाळी द्या म्हणालात, आम्ही वितळवतो, गालिचा करतो. त्याला आयतंच पाहिजे होतं. सहा वर्षं माळ्यावर ठेवून झोप लागत नसेल, जाळायला काढावं तर गाव विचारणार काय जाळतोस. इकडं दिलं की दाणे होणार, धागा होणार, कुणाच्या तरी चपलेखाली जाणार, आणि वर फोटो. एवढंच विसरला शेट, की भट्टीत जायच्या आधी जाळं बायकांच्या हातात येतं. त्यानंच दिलेल्या नोकरीत बसलेल्या बाईच्या हातात.

जमातीत? जाऊन काय सांगू? एक गाठ दाखवू? ते म्हणतील हाजराबी, गाठी काय सगळ्या सारख्याच, दुःखानं डोकं फिरलंय तुझं. नेपाळी पोराला फोन लावला, तो नंबर कधीच बंद. आणि इकराचं वसतिगृह, पुढच्या वर्षी परीक्षा... होय, घाबरले मी. म्हणा, घाबरली म्हणा. चार महिने घाबरले. तो रोज अकराला येतो ना इथं, चहा घेऊन येतो सगळ्यांसाठी, भाभी आधी तुम्ही घ्या म्हणतो. मी घेतला. चार महिने त्याच्या हातचा चहा प्यायले आणि वर अल्ला बरकत दे म्हटलं तोंडानं. मग एक दिवस ते साहेब आले तुमचे, हा फोटो काढला, ही गोष्ट रेकॉर्ड केली, आणि मला म्हणाले, मावशी, तुम्ही पण दोन शब्द बोला ना अहमदजींबद्दल. मावशी. मी बोलले. चांगलं बोलले. त्याच दुपारी मी ट्रॉलचं प्लास्टिक घेतलं, मुठीमुठीनं, आणि मनालच्या गठ्ठ्यात आत, अगदी मधे घातलं, गोदाला दिसणार नाय असं. तीनदा घातलं. माझ्या या डाव्या हातानं. म्हटलं त्याच्या नावाचा माल नासू दे, त्याच्या नावावर शिक्का बसू दे, कंपनी म्हणू दे हा माणूस भेसळ करतो. जे केलं त्याला शिक्षा नाय ना, मग जे नाय केलं त्याला तरी होऊ दे.

हे सांगायचं नव्हतं मला. तुम्ही काही विचारत नाय, नुसत्या बघता, माणूस बोलत सुटतो.

लिहा. हात का थांबला? लिहा — प्लास्टिक हाजरा उमेर हिनं मुद्दाम घातलं, गोदाचा काही संबंध नाय. मला काढा, पोलिसात द्या, काय ते करा. इकराला मी सांगेन, ती समजेल, नाय समजली तर नाय. पण मग दुसरं पण लिहा. ते ठिगळ माझ्याकडं आहे, आणि अख्खं जाळं मी भट्टीत पाठवलेलंच नाय, त्या मागच्या पत्र्याच्या खोलीत आहे, वर धुवायच्या गोण्या टाकल्यात. या, हात लावून बघा. नाय, त्याचं मरण नको मला. उलट मी तर म्हणते शंभर वर्षं जगू दे त्याला. बंदरावरून चालताना कोणी सलाम करू नये, त्याच्या बोटीवर खलाशी चढू नये, मशिदीत शेजारचा माणूस जरा सरकून बसावा — आणि हा जगू दे. मनालनं विचारावं त्याला, अब्बा, हे खरं आहे का. तेवढं मला बघायचंय. आणि ती गोष्ट त्या गाडीत जाता कामा नये. माझ्या नवऱ्याला पायाखाली घालून कोणी फिरायचं आणि वर त्या माणसाला मोठा म्हणायचं, हे मी होऊ देणार नाय. वरच्यांना विचारावं लागेल? विचारा. छापून झालंय? मग फाडा. तुम्ही कुठल्या कुठल्या जुन्याचं नवं करता ना, कागदाचं पण करा काहीतरी.

गप. चप्पल वाजली. तोच आहे.

— या, या अहमदभाई. वालेकुम सलाम. अहो तुमचीच वाट बघतोय कधीची. नाय, ती नको, पाय मोडलाय तिचा, ही घ्या माझी, मी उभी राहते. मॅडम पुण्याच्या, सानवी मॅडम. तुमचा कागद घेऊन आल्यात, फार आवडली त्यांना तुमची गोष्ट. सही करायची आहे ना, कराल, घाई काय आहे. मॅडम, तुम्ही पेन खाली ठेवू नका, लिहून घ्या. काय झालं अहमदभाई, यांना ना एक समजून घ्यायचं होतं जाळ्याचं. मला विचारत होत्या. मी म्हटलं मी काठावरची बाई, मला काय कळतंय, शेटना विचारा, ते स्वतः होते ना बोटीवर. सुरमईनं भरलेलं जाळं असलं, आणि पाच माणसांतला एक पाण्यात असला, तर राहिलेल्या चौघांना ओढून घ्यायला वेळ किती लागतो?

नाय, चहा राहू दे. आधी सांगा.